गाळ्यातून कारखान्याकडे: पोलाद पुरवणारी कंपनी वाढते कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पनवेलच्या एका तरुणीच्या वडिलांचा 1998 पासून कळंबोलीत पत्रा-पट्टीचा गाळा आहे. ती मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि दोन वर्षांपासून गाळ्यावर बसते. ती विचारते: "आमच्या बरोबरीच्या काही पेढ्या तीस-चाळीस वर्षांत चार-चार लाइनींच्या कंपन्या झाल्या, आम्ही मात्र आहोत तिथंच आहोत. फरक कशानं पडतो? आणि आता आम्ही स्लिटिंग लाइन टाकावी का?" स्लिटिंग लाइन म्हणजे पत्र्याची रुंद गुंडाळी, तिला कॉइल म्हणतात, उलगडून तिच्या अरुंद पट्ट्या कापणारी यंत्रं.

मी 1984 मध्ये मुंबईच्या दारूखाना भागातल्या एका लोखंडाच्या पेढीवर आयटीआय फिटर म्हणून लागलो आणि 2021 मध्ये त्याच कंपनीतून प्लांट प्रमुख म्हणून निवृत्त झालो. लागलो तेव्हा पत्रा कापायचं एक शिअरिंग मशीन आणि सात माणसं होती. निघालो तेव्हा तळोज्यात दोन शेड, तीन स्लिटर, ठरलेल्या लांबीचे पत्रे कापणाऱ्या दोन कट-टू-लेंथ लाइनी आणि चाकणला एक डेपो होता. मी मालक नव्हतो. त्यामुळे भांडवलाबद्दल शेठजींच्या शेजारी बसून जे पाहिलं तेवढंच सांगेन. यंत्राबद्दल आणि मालाबद्दल मात्र हातानं केलेलं सांगतो.

सुरुवात 1984 च्या आसपासच्या दिवसांपासून करतो, कारण आज जे मोठे दिसतात त्यांचं बी त्या काळात पडलंय. त्या वेळी मुख्य पोलाद कारखान्यांच्या मालाचे भाव जॉइंट प्लँट कमिटी ठरवायची. ही कमिटी 1964 पासून होती. रेल्वेभाडं समान ठेवण्याचं धोरण होतं, त्यामुळे भिलाईचा किंवा जमशेदपूरचा माल मुंबईत जवळपास तिथल्याच भावात पडायचा. मुंबई-पुण्यात इंजिनिअरिंगचे एवढे कारखाने उभे राहिले त्यामागे या धोरणाचा मोठा हात आहे. छोट्या कारखान्यांना महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळामार्फत कोटा मिळे. दारूखान्यात आणखी एक झरा होता तो जहाजतोडीचा. फोडलेल्या जहाजांच्या प्लेटा तिथूनच बाजारात यायच्या. एकूण काय, माल मिळवणं हीच कला होती. मिळाला की विकायला कष्ट नव्हते, गिऱ्हाईक दारात उभंच असायचं.

अशा दिवसांत आमच्याकडे एक वयस्कर कटिंग मास्तर होते. कुर्ल्याचे, साकीनाक्याचे कपाटवाले, ट्रंकवाले त्यांच्याकडे पत्रा कापायला यायचे. मास्तर एक लांब वही ठेवत. गिऱ्हाइकाचं नाव, पत्रा किती गेजचा म्हणजे जाडीचा, किती बाय किती कापला, त्यातून तो काय बनवतो, त्याच्याकडे प्रेस केवढी आहे, हे सगळं त्यात असे. मी नवखा होतो. त्यांना विचारलं, बिलात वजन लिहिलेलं असतं, मग हे कशाला? ते म्हणाले, "बिल आपल्यासाठी असतं, वही त्याच्यासाठी." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला जानेवारी 1992 मध्ये. भावावरचं आणि वाटपावरचं नियंत्रण उठलं आणि भाडं समान करण्याचं धोरणही गेलं. कोटा मिळवण्यात ज्यांची हयात गेली होती, त्यांच्या हातातली कला काही महिन्यांत निकामी झाली. गिऱ्हाईक आता कुठूनही माल घेऊ शकत होतं. ज्या पेढ्यांना गिऱ्हाइकाचं फक्त नाव आणि उधारी माहीत होती, त्यांच्याकडे उरला तो भावावरचा खेळ. आमच्याकडे वही होती. शेठजींनी ती घेतली आणि एकेका कपाटवाल्याकडे, पंपवाल्याकडे, पॅनेलवाल्याकडे स्वतः जाऊन विचारलं: हा पत्रा तुम्ही आमच्याकडून नेऊन पुन्हा तुमच्याकडे कापता, ते काम आम्हीच करून दिलं तर?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथंच दिसतं. वाढलेल्या कंपन्यांनी जास्त माल विकला म्हणून त्या वाढल्या, असं बाहेरून वाटतं. मी आतून पाहिलं ते असं: गिऱ्हाइकाचं एकेक काम त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. आधी कापायचं काम घेतलं. मग साठवायचं, कारण त्याच्या शेडमध्ये महिन्याचा माल ठेवायला जागा नव्हती. मग तपासायचं. शेवटी रोज सकाळी अमुक पट्टी अमुक किलो पोहोचवायचं. पोलाद काढणाऱ्या मोठ्या कारखान्याला ही कामं नकोच असतात. तो 20-25 टनांच्या कॉइली काढतो आणि लॉटनं विकतो. 94 मिमी रुंद, 1.6 मिमी जाड पट्टी, तीही फक्त 300 किलो, असली ऑर्डर तो घेणार नाही आणि छोटा कारखानदार पूर्ण कॉइल घेऊ शकणार नाही. या दोघांमधली फट भरणं म्हणजे आपला धंदा.

जागेचंही सांगतो, पण भरभर. कर्नाक बंदर, दारूखाना या भागात कॉइल उतरवणं सोडाच, ट्रेलर वळवणंही मुश्कील होतं. सिडकोनं कळंबोलीत लोखंड बाजार वसवला तेव्हा पुष्कळ जण नाखुशीनंच आले. पण मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची आणि गिऱ्हाईक तर शहराबाहेर चाललं होतं: वापी, सिल्वासा, नाशिक, पुढं चाकण. त्यामुळे हद्दीबाहेर साठा ठेवणाऱ्याचं गणित आपोआप बसलं. त्यात न्हावाशेवा बंदर जवळ, 2002 मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग कळंबोलीतूनच निघतो आणि पेण तालुक्यात डोलवीला कॉइल काढणारा कारखाना आला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली, तोवर सगळी साखळी इथंच रुजली होती. तुमच्या बाबांचा गाळा योग्य जागी आहे, त्याबद्दल शंका नको.

आता स्लिटिंगकडे येतो. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण लाइन टाकण्याचा निर्णय लोक यंत्राची किंमत बघून घेतात आणि चुकतात.

एक कॉइल घ्या. 1250 मिमी रुंद, 20 टन. एका गिऱ्हाइकाला 200 मिमीच्या पट्ट्या हव्यात. सहा पट्ट्या म्हणजे 1200. उरले 50 मिमी, म्हणजे रुंदीचे 4 टक्के, म्हणजे 800 किलो. ते भंगारात गेलं. पट्टीवर तुम्हाला टनामागे 3 टक्के सुटत असतील तर नफा तिथंच संपला, भंगाराचे जे पैसे येतील तेवढेच परत. आता समजा भिवंडीच्या एका क्लँपवाल्याला त्याच जाडीची, त्याच ग्रेडची 38 मिमीची पट्टी लागते. ती याच सेटिंगमध्ये बसवली तर उरले 12 मिमी, दोन्ही काठांना सहा-सहा. काठ तर छाटावाच लागतो. नुकसान 1 टक्क्याच्या आसपास आलं. तीच कॉइल, तेच यंत्र, तोच ऑपरेटर. फरक फक्त एका 38 मिमीवाल्याचा.

म्हणून मी म्हणतो की या धंद्यात मोठं होण्याचं कारण मोठं होणंच आहे. ज्याच्याकडे 2 मिमीच्या मालाची पाच गिऱ्हाइकं आहेत त्याला जुळणी सापडत नाही. ज्याच्याकडे साठ आहेत त्याला रोज सापडते. त्यामुळे तो भाव थोडा कमी ठेवूनही कमावतो आणि म्हणून त्याच्याकडे एकसष्टावं गिऱ्हाईक येतं. आमच्या शेठजींनी 38 मिमीवाल्याला कधी कधी पडत्या भावातही माल दिला. बाजारात लोक म्हणायचे, हा भाव बिघडवतोय. ते भाव बिघडवणं नव्हतं. ती पट्टी आमच्या लेखी भंगारातून वाचलेली होती.

दुसरी गोष्ट जाडीची. वजनाचं सूत्र तुम्हाला पाठ असेलच: जाडी मिमीत, लांबी-रुंदी मीटरमध्ये, गुणिले 7.85. दोन मिमीचा 1250 बाय 2500 चा पत्रा 49 किलोच्या थोडा वर बसतो. पण कॉइल जाडीत मान्य असलेल्या फरकाच्या आत पातळ बाजूला, समजा 1.9 मिमीची आली, तर तोच पत्रा साडेशेहेचाळीस किलोच्या आसपास भरतो. जो नग मोजून माल विकतो त्याला टनामागे जास्त नग मिळतात, त्याला अशी कॉइल हवीच असते. ज्याला घासून-पॉलिश करून ठरलेली जाडी गाठायची आहे त्याला ती चालणार नाही. कोणती कॉइल कोणाला, हे ठरवणारा माणूस तुमच्याकडे आहे का? तो नसेल तर लाइन म्हणजे नुसती महाग कात्री.

यंत्राचं म्हणाल तर दोन ठिकाणी माणूस उघडा पडतो. पहिलं चाकूचं अंतर. वरच्या आणि खालच्या चाकूमधली मोकळी जागा साध्या पोलादात जाडीच्या साधारण दहा टक्क्यांभोवती ठेवतात. कठीण मालाला जास्त लागते. ते चुकलं की काठाला बर, म्हणजे धारदार कड, उठते. ती बर गिऱ्हाइकाची डाय खाते आणि त्याच्या कामगाराचं बोट कापते. चाकूंमधलं अंतर राखणाऱ्या कड्यांवर, म्हणजे स्पेसरवर, धुळीचा एक कण बसला तरी सगळी पट्टी वाकडी जाते. म्हणून आमच्याकडे स्पेसर पुसायचं काम हेल्परला नव्हतं, ते ऑपरेटर स्वतः करायचा. दुसरं म्हणजे लूप पिट. नवखे विचारतात, लाइनच्या मध्ये एवढा खोल खड्डा कशाला? कॉइल मध्यभागी काठापेक्षा किंचित जाड असते. पट्ट्या कापून एकाच ड्रमवर गुंडाळल्या की मधल्या पट्ट्यांचा व्यास भराभर वाढतो, त्या जास्त लांबी ओढतात, आणि काठाच्या पट्ट्या सैल पडतात. ती जास्तीची लांबी खड्ड्यात लोंबकळत ठेवायची आणि पुढं टेन्शन पॅडनं सगळ्यांना सारखा ताण द्यायचा. स्वस्तातली लाइन घेताना लोक खड्ड्याची खोली आणि टेन्शन यंत्रणा यांवरच पैसे वाचवतात. मग गिऱ्हाइकाकडे ढिल्या पट्ट्या जातात, उलगडताना गुंता होतो आणि माल परत येतो.

माल परत येण्याचा एक प्रसंग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. 1997 चा पावसाळा होता. ठाण्यातलं एक गिऱ्हाईक पंपासाठी खोल वाटी दाबून काढायचं. त्याला ईडीडी, म्हणजे खूप खोल ओढता येणाऱ्या ग्रेडचा कोल्ड रोल्ड (थंड लाटलेला) पत्रा लागायचा. आमच्याकडे कॉइलवर खडूनं ग्रेड लिहायची पद्धत होती. पावसात खडू पुसला गेला, कोणीतरी अंदाजानं पुन्हा लिहिला आणि साध्या डी ग्रेडची कॉइल कापून गेली. दुसऱ्या ओढीलाच वाट्या कोपऱ्यात फाटू लागल्या. त्यांनी चार टन माल दाबून झाल्यावर फोन केला. शिफ्टचा इनचार्ज मी होतो. शेठजींनी मला बरोबर घेतलं आणि त्याच दुपारी ठाण्याला गेले. फाटलेल्या वाट्या हातात घेऊन पाहिल्या. मालाचे पैसे तर परत दिलेच, वाया गेलेल्या प्रेसच्या वेळेचेही दिले. येताना गाडीत मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून खडू बंद." त्यानंतर प्रत्येक कॉइलला ठोकलेला पत्र्याचा बिल्ला आला. कारखान्याचा हीट नंबर, म्हणजे पोलाद कोणत्या वितळणीतलं तो क्रमांक, बिल्ल्यावर, तिथून कापलेल्या प्रत्येक पट्टीवर आणि बिलावर. पुढं वाहनांचे सुटे भाग करणारे आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हाच नंबर असलेला कागद मागितला. आमच्याकडे तो आधीपासून होता, म्हणून ते काम मिळालं. तो चार टनांचा फटका आम्ही त्यांच्या कामातून किती पटींनी भरून काढला, याचा हिशेब मी कधी केला नाही.

पावसाळ्याचं निघालंच आहे तर तुमच्या गाळ्यासाठी एक सांगून ठेवतो. घाटातून रात्रभर भिजत, गार होऊन आलेली कॉइल दमट शेडमध्ये लगेच उघडू नका. थंड पोलादावर हवेतली वाफ बसते आणि वेटोळ्यांच्या आत पाणी शिरतं. जस्ताचा थर दिलेल्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर पांढरा गंज आणि कोल्ड रोल्डवर लाल डाग तिथूनच येतात. बांधलेलीच ठेवा, शेडच्या तापमानाला येऊ द्या, मग बांधणीच्या पट्ट्या तोडा. आणि साधा कोल्ड रोल्ड पत्रा महिनोन्‌महिने पडू देऊ नका. जुना झाला की प्रेसवर ताणताना त्यावर नागमोडी रेषा उठतात. मग कितीही रंग दिला तरी त्या दिसतात.

पैशाचं बोलू. समजा लाइन आली आणि महिन्याला 1000 टन माल जायला लागला. 60,000 रुपये टन धरला तर महिन्याची विक्री 6 कोटी. पोलाद कारखाना पैसे आधी घेतो. गिऱ्हाईक 60 दिवसांनी देतं. कापलेला-न कापलेला मिळून 45 दिवसांचा साठा पडलेला असतो. म्हणजे साडेतीन महिने, 21 कोटी अडकले. वर्षाला 10 टक्के व्याज म्हणजे 2 कोटी 10 लाख. 72 कोटींच्या उलाढालीवर हे जवळजवळ 3 टक्के झालं. नफा त्यानंतर, मजुरी, वीज, माथाडी मंडळाची लेव्ही, भंगार हे सगळं गेल्यावर. म्हणून यंत्र किती कोटींचं हा प्रश्न दुय्यम आहे. यंत्राला कर्ज मिळतं. मारतं ते खेळतं भांडवल.

आमच्या शेजारच्या दोन पेढ्या मी याच कारणानं बंद होताना पाहिल्या. 2008 च्या उन्हाळ्यापर्यंत भाव असे चढत होते की साठा करणाराच शहाणा ठरत होता. त्यांच्याकडे तीन-तीन महिन्यांचा माल होता. नंतरच्या चार-पाच महिन्यांत बाजार जवळजवळ निम्म्यावर आला. आमच्याकडेही नुकसान झालं, पण शेठजींचा नियम होता की हातातल्या ऑर्डरींना पुरेल तेवढाच माल, भाव कितीही चढो. तेजीत हा नियम पाळताना आम्हाला जीवावर यायचं, शेठजींशी मी स्वतः वादही घातलेत. त्या वर्षी मला त्यांचं म्हणणं पटलं. 2022 मध्ये मे महिन्यात सरकारनं निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं आणि नोव्हेंबरमध्ये काढलं, तेव्हाही भावाचा तोच झटका बसला. असा झटका दर काही वर्षांनी येतोच, हे धरूनच साठा ठेवा.

उधारीबाबत कायद्याची एक बाजू तुमच्या उपयोगाची आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, हे एमएसएमई कायद्यात आहे. पण नुसत्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी ही बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती असते, त्याला हे संरक्षण नाही. प्रक्रिया करायला लागलात की तुमची बाजू बदलते. नोंदणी करताना हे तुमच्या सीएकडून नीट करून घ्या.

माणसांबद्दल थोडं. शेठजी कच्छी, हिशेब मारवाडी मुनीमजींकडे, आणि माल हाताळणारी सगळी टोळी पाटण-जावळीकडची. त्या टोळीचे मुकादम कॉइलला क्रेनचा हूक लागला की तिचा झोक बघून सांगायचे, "ही आतून ढिली आहे, सावकाश." त्यांचं ऐकलं नाही तेव्हा दोनदा कॉइल शंकूसारखी सुटली. अशी माणसं टिकवण्यावर शेठजींनी यंत्राइतकाच खर्च केला. ऑपरेटरच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी कंपनीनं भरली आणि तो मुलगा आज तिथं क्वालिटी बघतो. चांगला स्लिटर ऑपरेटर तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात आणि तुमच्या लाइनच्या पहिल्याच महिन्यात तो तुम्हाला लागणार आहे. आत्तापासून शोधा.

आता, लाइन टाकावी का? आज नको. तुम्ही लिहिलंय की बरीच पट्टी तुम्ही दुसऱ्याकडून जॉबवर्कनं कापून घेता. ते एक वर्ष तसंच चालू द्या, पण कापायला कॉइल देताना रुंदीची जुळणी तुम्ही करून द्या, त्याच्यावर सोडू नका. प्रत्येक कॉइलमागे भंगार किती टक्के गेलं ते लिहा. एखाद्या जाडीत सलग सहा महिने ते 2 टक्क्यांखाली आणि महिन्याचा माल 400 टनांवर गेला, तर त्या जाडीपुरती एक लाइन घ्या. जाड हॉट रोल्ड (गरम लाटलेला) आणि पातळ कोल्ड रोल्ड दोन्ही एकाच लाइनवर करू म्हणणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे निरोप द्या. 400 आणि 2 हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, तुमच्या बँकेच्या व्याजानं ते थोडे इकडेतिकडे होतील.

आणि त्याआधी, या दिवाळीपर्यंत, एक काम करा. मागच्या दोन वर्षांची बिलं काढा. प्रत्येक गिऱ्हाइकापुढं रुंदी, जाडी, ग्रेड लिहा. मग बिलं बाजूला ठेवा आणि त्यातल्या पहिल्या चाळीस जणांच्या कारखान्यात स्वतः जा. प्रेसजवळ उभ्या राहा, त्या पट्टीतून काय निघतं ते बघा, त्यांच्या भंगाराच्या पेटीत हात घालून तुकडे बाहेर काढा आणि मोजपट्टी लावा. बाबांना बरोबर न्या. निम्म्या लोकांकडे ते वीस वर्षं माल देऊनही आत गेलेले नसतील. आम्ही 1992 नंतर हेच केलं होतं. चाळीस कारखाने झाले की ती वही घेऊन मला भेटा, जुळणी कशी मांडायची ते मी बसून दाखवीन.